लाखाला हजार

(ध्वनिभागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात झालेल्या पुनरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत.)

आजचा भाग एका मेलमुळे सुचला. पुण्यातलं एक जोडपं आपले भाग नियमित ऐकतं. तो ४६ वर्षांचा, ती ४४ची, दोघंही नोकरीत. पन्नाशीला दोघांनी नोकरी सोडायची, असं त्यांचं ठरतंय. मेलसोबत एक्सेलची फाईल होती आणि खाली एक प्रश्न होता: "वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट पैसे जमले की निवृत्त व्हायला हरकत नाही, असं सगळीकडे वाचतो. हे पंचवीस आलं कुठून?"

गुंतवणुकीचा सल्ला देणं हे माझं काम नाही. पण एखादा आकडा कुठून आला, हा इतिहासाचा प्रश्न आहे. त्यामुळे बसलो.

पंचवीसचं उत्तर सोपं आहे. विल्यम बेंगन नावाचे एक आर्थिक सल्लागार, कॅलिफोर्नियातले. १९९४ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. १९२६ पासूनचे अमेरिकन शेअर आणि रोख्यांचे आकडे घेतले आणि पाहिलं, की पहिल्या वर्षी जमा रकमेच्या किती टक्के काढले आणि पुढं दरवर्षी महागाईएवढी वाढ घेतली, तर तीस वर्षं पैसे पुरतात. उत्तर आलं साधारण चार टक्के. चार टक्क्यांचा उलटा आकडा पंचवीस. बस्स. म्हणजे हा आकडा अमेरिकेचा आहे आणि तीस वर्षांसाठीचा आहे. पन्नाशीला नोकरी सोडून नव्वदीपर्यंत जगायचं, तर ती चाळीस वर्षं होतात. एवढं त्या दोघांना कळवून विषय संपला असता.

पण मग आठवलं, की आपल्याकडेही असा एक आकडा होता. कुणा अर्थतज्ज्ञानं काढलेला नव्हता, कुठं लेखात छापलेला नव्हता, तरी दादर-डोंबिवलीपासून सांगली-सोलापूरपर्यंत प्रत्येक पगारदार घरात पाठ होता. लाखाला हजार. एक लाख ठेवले की महिन्याला हजार रुपये व्याज. त्या आकड्यावर विसंबून एका पिढीनं वेळेआधी नोकरी सोडली. आज त्यांची गोष्ट.

त्याआधी थोडं मागं जातो, राहवत नाही म्हणून. मराठी इतिहासातली सगळ्यात गाजलेली मुदतपूर्व निवृत्ती कुणाची? दुसऱ्या बाजीरावाची! जून १८१८ मध्ये तो जॉन माल्कमला शरण आला, तेव्हा वय ४३. ठरलं काय, तर गादी सोडायची, ब्रह्मावर्ताला म्हणजे बिठूरला जाऊन राहायचं आणि वर्षाला आठ लाख रुपये घ्यायचे. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली. माल्कमनं मात्र ती लावून धरली. बाजीराव पुढं जगला किती? जानेवारी १८५१ पर्यंत. ३२ वर्षांहून जास्त. गुणाकार करा, अडीच कोटींच्या वर जातं. देणाऱ्याचा अंदाज चुकला तो आयुष्याच्या लांबीचा. आणि घेणाऱ्याच्या घरच्यांचाही चुकला, कारण ती नेमणूक दत्तकपुत्र नानासाहेबांकडे चालू ठेवायला डलहौसीनं नकार दिला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. निवृत्तीचा हिशेब म्हटलं की दोनशे वर्षांपूर्वीही प्रश्न हेच होते: किती वर्षं जगणार, आणि मागं राहील त्याचं काय.

असो. आपण १९८६ वर येऊ.

१९८६ ते जानेवारी २०००. या सगळ्या काळात पीपीएफचा व्याजदर होता १२ टक्के. चौदा वर्षांत अर्धा टक्काही हलला नाही. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीवर, ज्याला आपण नुसतं पीएफ म्हणतो, १९८९ पासून २००० पर्यंत १२च टक्के. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना १९८७ मध्ये आली. तिला सगळे एमआयएस म्हणतात. तिचा दरही बरीच वर्षं बारा किंवा त्याहून थोडा जास्तच. वर्षाला बारा म्हणजे महिन्याला शेकडा एक. म्हणजे लाखाला हजार. कॅल्क्युलेटर लागत नाही, कागद लागत नाही. आठ लाख मिळाले? महिन्याला आठ हजार. इतकं सोपं गणित असलं, की माणूस ते तपासत नाही. १९८६ मध्ये पस्तिशीत असलेला माणूस २००० मध्ये पन्नाशीला आला होता, आणि या सबंध काळात त्यानं दुसरा दर पाहिलाच नव्हता.

इथं एक गोष्ट निसटायची. त्या वर्षांत महागाई काय कमी होती का? १९९१-९२ मध्ये कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक साडेतेरा टक्क्यांच्या आसपास वाढला. १९९८-९९ मध्येही तेरा टक्के, कांद्यानं सरकारं पडली ते वर्ष. म्हणजे बारा टक्के व्याज महागाई खातच होती. पण नोकरीतल्या माणसाला ते जाणवत नव्हतं, कारण त्याला महागाई भत्ता होता. भाव वाढले की डीए वाढायचा. बँकेतल्या माणसाला तर दर तिमाहीला. तो व्याजाकडे बघायचा ते वरचे पैसे म्हणून. नोकरी सुटली की डीए सुटणार आणि उरणार फक्त व्याज, हा फरक डोळ्यांसमोर कधी आलाच नव्हता.

आता एक जोडपं कल्पनेत धरू. नावं देत नाही. माणसं माझ्या मनातली, पगाराचे आकडे मी धरलेले. नियम आणि दर मात्र खरे. दोघंही सरकारी बँकांत, वेगवेगळ्या. सत्तरच्या दशकात परीक्षा देऊन लागलेली. ठाण्यात दोन खोल्यांचं घर, एक मुलगा, एक मुलगी. अशी घरं तुम्ही पाहिली असतील, कदाचित अशाच घरात वाढलाही असाल.

पहिला निर्णय आला नव्वदच्या दशकाच्या मध्याला. बँक कर्मचाऱ्यांना तोवर पेन्शन नव्हतं. स्टेट बँकेची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर १९९३ मध्ये करार झाला, १९९५ मध्ये नियम आले. प्रत्येकाला विचारलं गेलं: बँकेचा पीएफमधला वाटा घेता, की तो सोडून पेन्शन घेता? शाखेशाखेत, लोकलच्या डब्यात, डबा खाताना एकच चर्चा. आणि त्या चर्चेत लाखाला हजार हे गणित पाय रोवून बसलेलं. पेन्शन घेतलं तर आपल्यामागं मुलांना काय? पीएफची रक्कम हातात आली तर व्याज आपलं आणि मुद्दल मुलांचं! आपल्या गोष्टीतल्या त्यानं पीएफ निवडला. तिनं पेन्शन निवडलं. तिचे वडील मास्तर होते, महिन्याच्या ठरल्या तारखेला येणारा पैसा तिनं लहानपणी घरात पाहिला होता, एवढंच कारण. घरातल्या हिशेबात हुशार तो समजला जायचा.

दुसरा निर्णय आला २००० सालच्या दिवाळीनंतर. सरकारी बँकांत माणसं जास्त झाली होती, संगणक येत होते, आणि बँकांच्या संघटनेनं, म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशननं, स्वेच्छानिवृत्तीची एक सामायिक योजना आखली. व्हीआरएस. पंधरा वर्षं नोकरी झालेली किंवा वयाची चाळिशी गाठलेली हवी. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागं ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांतलं जे कमी असेल ते. अर्ज करायला जेमतेम काही आठवडे. स्टेट बँकेची खिडकी तर जानेवारी २००१ मध्ये पंधरवडाभरच उघडी होती.

सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली. एकूण नोकरवर्गाच्या जवळपास अकरा टक्के. बँकांनाही एवढी अपेक्षा नव्हती. काही शाखांत मार्चनंतर काउंटरला माणूस उरला नाही.

आपल्या माणसाचा हिशेब मांडू. वय ५०, नोकरी २६ वर्षं, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये. साठ दिवसांचे २८,०००, गुणिले २६, म्हणजे ७ लाख २८ हजार. त्यातल्या पाच लाखांवर आयकर माफ. ग्रॅच्युइटी २ लाख १० हजार. शिल्लक रजेचे लाखभर. पीएफ पाच लाख धरू. सगळे मिळून पंधरा लाखांच्या वर. घराचं कर्ज फेडलं, कर भरला, मुलीच्या लग्नासाठी थोडं बाजूला काढलं. उरले बारा लाख.

बारा लाख म्हणजे महिन्याला बारा हजार. पगार चौदा हजार. पीएफची कपात आणि लोकलचा पास वजा करा, फरक उरतो कितीसा? घरी बसून तेवढेच पैसे! शिवाय बायकोची नोकरी चालू. मला वाटतं, हा हिशेब करून ज्यांनी सही केली त्यांना उतावळे म्हणणं अन्याय आहे. हातात असलेल्या माहितीवर त्यांनी चोख गणित केलं होतं. फक्त त्या गणितातला एक आकडा चौदा वर्षं स्थिर राहिला म्हणून तो कायमचा आहे, असं त्यांनी धरलं.

आणि तो तेव्हाच हलायला लागला होता. १५ जानेवारी २००० ला पीपीएफ १२ वरून ११ वर आला. ही पहिली पायरी बहुतेकांनी पाहिली, पण एक टक्का तर आहे म्हणून सोडून दिली. मग २८ फेब्रुवारी २००१, यशवंत सिन्हांचा अर्थसंकल्प. दुसऱ्या दिवसापासून, १ मार्चपासून, अल्पबचतीचे दर एकदम दीड टक्क्यानं खाली. ११ चे साडेनऊ.

ही तारीख नीट बघा. ज्याच्या हातात व्हीआरएसचे पैसे फेब्रुवारीत आले आणि ज्यानं लगेच पोस्ट गाठलं, त्याला एमआयएसवर सहा वर्षं ११ टक्के मिळाले, कारण खातं उघडताना जो दर असेल तो मुदतभर कायम. ज्याचे पैसे मार्चअखेर आले, त्याला साडेनऊ. तेच काम, तेवढीच नोकरी, तेवढीच रक्कम. त्या काळच्या बँकवाल्यांशी बोललात तर रिलीव्हिंगची तारीख त्यांना अजून पाठ असते, ती उगाच नाही.

काहींनी अर्ज दिला आणि मग रात्रीची झोप उडाली. अर्ज मागं घेतो म्हणाले. बँका म्हणाल्या, योजनेत तशी सोय नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २००२ मध्ये निकाल लागला: अर्ज स्वीकारला जाण्याआधी तो मागं घेण्याचा कर्मचाऱ्याला हक्क होता. पण पैसे स्वीकारून बसलेल्यांना परतीची वाट नव्हती.

आपल्या माणसाचे पैसे मार्चअखेर आले. दोघांच्या नावावर मिळून एमआयएसमध्ये सहा लाखांची मर्यादा होती, ती पूर्ण भरली. साडेनऊ टक्क्यांनी महिन्याला ४,७५० रुपये. उरलेले सहा लाख बँकेत तीन वर्षांच्या मुदत ठेवीत, दहा टक्क्यांनी. आपल्याच बँकेत माजी कर्मचाऱ्याला थोडा जास्त दर मिळतो. महिन्याला ५,०००. एकूण ९,७५०. बारा हजारांचे पहिल्याच महिन्यात पावणेदहा हजार झाले होते. तरी चालत होतं.

दर मात्र उतरत राहिले. मार्च २००२ ला नऊ, मार्च २००३ ला आठ. २००१ मध्येच वाय. व्ही. रेड्डी समितीनं सुचवलं होतं, की अल्पबचतीचे दर सरकारी रोख्यांच्या बाजारभावाशी जोडा. आणि रोख्यांचा दर काय होता? २००० मध्ये अकराच्या आसपास असलेला दहा वर्षांचा दर २००३ च्या ऑक्टोबरात पाचच्या जवळ आला. सरकारनं मुद्दाम कुणाचं वाकडं केलं, असं म्हणायला जागा नाही. खरं तर आधीची चौदा वर्षंच वेगळी होती.

मधल्या काळात युनिट ट्रस्ट. यूएस-६४ म्हणजे मध्यमवर्गाचं सोनं. १९६४ पासूनची योजना, शेअर बाजाराचा धोका आहे हे कुणाच्या मनातही नसायचं. "यूटीआय म्हणजे सरकारच". जुलै २००१ च्या सुरुवातीला यूटीआयनं युनिट्सची विक्री आणि पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी बंद केली. ऑगस्टपासून छोट्या गुंतवणूकदाराला तीन हजार युनिट्सपर्यंत सवलत मिळाली, १० रुपये भावानं, दर महिन्याला दहा पैसे वाढवत. अनेकांनी ती चौदा रुपयांच्या आसपास घेतलेली. पुढं शिल्लक युनिट्सचे पावणेसात टक्क्यांचे करमुक्त रोखे झाले. म्हणजे पैसे अगदीच बुडाले नाहीत. पण दर घसरताना जे दुसरं भक्कम दार वाटत होतं, ते व्हीआरएसनंतर तीन महिन्यांत बंद झालेलं दिसलं. मग काही मंडळी जास्त व्याजाच्या शोधात पतसंस्थांकडे वळली. त्यांतल्या काहींचं काय झालं, त्यावर एक स्वतंत्र भाग होईल.

२००४ मध्ये आपल्या माणसाची मुदत ठेव संपली. नवा दर साडेपाच. सहा लाखांचे महिन्याला ५,००० मिळत होते, ते झाले २,७५०. एमआयएसचे ४,७५० धरून साडेसात हजार. तीन वर्षांपूर्वी कागदावर बारा होते.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. जुलै २००३ मध्ये एलआयसीमार्फत वरिष्ठ पेन्शन विमा योजना आली, नऊ टक्के परतावा. वयाची अट ५५. ऑगस्ट २००४ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजना आली, तीही नऊ टक्के, पंधरा लाखांपर्यंत. वयाची अट ६०, स्वेच्छानिवृत्त असाल तर ५५. आणि आपला माणूस तेव्हा किती वर्षांचा? ५३.

या सबंध गोष्टीत मला सगळ्यात टोचते ती ही जागा. लवकर निवृत्त झालेला माणूस बँकेच्या लेखी निवृत्त असतो, पण कायद्याच्या लेखी तो अजून म्हातारा झालेला नसतो. त्याला जास्त व्याज नाही. आयकरात ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत तेव्हा ६५ नंतर. कंपनीचा वैद्यकीय विमा पाठीशी नाही, आणि स्वतः घ्यायला गेला तर पन्नाशीनंतरचा हप्ता. सगळ्या सोयी म्हातारपणासाठी केलेल्या आणि हा दहा वर्षं आधीच बाकावर येऊन बसलेला. पूर्वी हा प्रश्न एवढा नव्हता. केंद्र सरकारी नोकर १९६२ पर्यंत ५५ ला, मग ५८ ला आणि १९९८ पासून ६० ला निवृत्त होऊ लागला; राज्य सरकारात आपल्याकडे अजून बहुतेकांना ५८. पण तो पेन्शन घेऊन बाहेर पडायचा, ठेवीच्या पावत्या घेऊन नव्हे.

गंमत अशी, की दर कोसळले त्याचा फायदाही त्याच घरात आला. मुलगा आयटीत लागला होता. २००४ मध्ये त्यानं हिंजवडीजवळ फ्लॅट बुक केला, गृहकर्ज आठ टक्क्यांच्या आत. बापानं स्वतःचं घर याच्या दुपटीच्या जवळ जाणाऱ्या दरानं घेतलं असतं, जर बँकेतल्या माणसाला सवलतीचं कर्ज नसतं. त्या वर्षी वास्तुशांतीला जमलेल्या दोन पिढ्या एकाच व्याजदराबद्दल बोलत होत्या. एक पिढी खूश होती आणि दुसरी गप्प.

ती मात्र नोकरीत राहिली. दर पाच वर्षांनी वेतनकरार, दर तिमाहीला डीए. त्याच्या ठेवींतून घर चालणार आणि तिचा पगार शिलकीत पडणार, असं मूळ नियोजन होतं. २००४ नंतर ते उलटं झालं. तिच्या पगारावर घर चालू लागलं आणि तो भाजी आणायला, बिलं भरायला, नातवंडांना बसस्टॉपवर सोडायला लागला. तिलाही २००१ मध्ये व्हीआरएस घ्यायची होती. "एकानं घेऊ, मग बघू," असं ठरलं, म्हणून ती राहिली. असं ठरवलेली घरं खूप होती, आणि माझ्या मते त्या काळातलं सगळ्यात चांगलं आर्थिक नियोजन तेच होतं, जरी ते भीतीपोटी झालेलं असलं तरी.

पुढची वर्षं पटकन सांगतो. २००७ मध्ये एमआयएस संपलं, दहा टक्के बोनस मिळाला, नवा दर आठ. बँकांचे दरही तोवर पुन्हा आठच्या वर चढले होते. म्हणजे रेषा नुसती खाली गेली नाही, वरखाली होत राहिली. मग २००९-१० मध्ये निर्देशांक बारा टक्क्यांनी वाढला, पुढच्या वर्षीही दहाच्या वर. तूरडाळीनं शंभरी गाठली. व्याज आठ आणि भाव बारा, आणि आता पाठीशी डीए नव्हता.

एप्रिल २०१० मध्ये बँकांत पेन्शनचा दुसरा पर्याय मिळाला. १९९५ मध्ये पीएफ निवडलेल्यांना आता पेन्शन घेता येणार होतं, पण निवृत्त झालेल्यांनी बँकेचा पीएफमधला वाटा परत करायचा आणि त्याच्या ५६ टक्के आणखी भरायचे. पंधरा वर्षांपूर्वी हुशारीनं नाकारलेली गोष्ट आता दीडपटीहून जास्त किमतीला समोर आली. त्यानं ठेवी मोडून पैसे भरले. २०११ मध्ये तो साठ वर्षांचा झाला, ज्येष्ठ नागरिक योजनेत उरलेली रक्कम ठेवली, नऊ टक्क्यांनी. त्याच वर्षी आयकरातलं ज्येष्ठत्वाचं वय ६५ वरून ६० वर आलं. एक खुपणारी गोष्ट तेवढी राहिली: नोव्हेंबर २००२ पूर्वी निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनवर महागाई भत्ता उतरत्या प्रमाणात मिळायचा. तो भेद मिटायला २०२३ उजाडलं. तोवर त्याच घरात दोन पेन्शनं येत होती, आणि तिच्या पेन्शनला मिळणारा भत्ता त्याच्याहून भरघोस होता.

आता त्या मेलमधल्या जोडप्याकडे. २०१६ पासून अल्पबचतीचे दर दर तिमाहीला जाहीर होतात, त्यामुळे "चौदा वर्षं एकच दर" हा अनुभव त्यांच्या वाट्याला आलेला नाही. तरी त्यांची फाईल उघडली तेव्हा एक रकाना दिसला, "परतावा". वय ५० पासून ९० पर्यंत एक्केचाळीस ओळी, आणि प्रत्येक ओळीत ९. महागाईच्या रकान्यात एक्केचाळीस वेळा ६. मी ते दोन रकाने पिवळे केले, शेजारी १९८६ ते २०११ चे खरे दर टाकले आणि फाईल परत पाठवली. काल उत्तर आलं. ती म्हणते, निदान एकीची नोकरी ५५ पर्यंत चालू ठेवून पाहतोय. कुणाची ठेवायची, यावर सध्या घरात वाद चालू आहे.